विसरलेलीं खेळयंत्रें

शिर्डीच्या द्वारकामाईंत एक जातें जपून ठेवलेलें आहे. दगडाचें साधें जातें. एके काळीं महाराष्ट्रांतील घरोघरीं असे, तसेंच तें आहे. दगड म्हणून त्याची किंमत ती काय होणार? तरीहि दूरदूरचे लोक त्याच्यापुढें क्षणभर थांबतात. कारण तें कोणाच्या हातांनीं फिरलें, हें त्यांना ठाऊक आहे. तेथून बाहेर पडून बाजाराच्या वाटेला लागलें, कीं हार, प्रसाद आणि तसबिरी यांच्या शेजारींच खेळण्यांचीं दुकानें दिसतात, आणि यात्रेला आलेलीं मुलें आईबापांचा हात ओढून तेथें थबकतात. जातें आणि खेळणें यांचा वरवर पाहतां कांहींच संबंध नाहीं. परंतु जुनी वस्तु कोणती जपावी आणि कोणती टाकावी, हा प्रश्न दोहोंनाहि सारखाच लागू आहे. आणि खेळण्याच्या बाबतींत त्याचा विचार फारच थोडे लोक करतात.

१९९० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील लहानमोठ्या बाजारपेठांतून एक नवलाचें खेळणें मिळूं लागलें. पुस्तकाएवढी प्लॅस्टिकची पेटी, तिला वायरींनीं जोडलेल्या दोन हातपट्ट्या, पाठीमागें दूरचित्रवाणीच्या संचाला लावावयाची एक वायर, आणि माथ्यावर एक खांच. त्या खांचेंत पिवळ्या, निळ्या किंवा काळ्या रंगाची चपटी डबी बसविली, कीं पडद्यावर खेळ उभा राही. इंग्रजींत त्या डबीला ‘कार्ट्रिज’ म्हणतात. मराठी मुलांनीं तिला ‘कॅसेट’ म्हटलें, हातपट्टीला ‘रिमोट’ म्हटलें, आणि सगळ्या सरंजामाला मिळून ‘टी. व्ही. गेम’ किंवा नुसतें ‘व्हिडिओ गेम’ असें नांव दिलें. हें यंत्र दहापंधरा वर्षें मुलांच्या सुट्ट्यांवर राज्य करून गेलें आणि मग माळ्यावर, तेथून भंगारांत, असें नाहींसें झालें. तें कोठून आलें, कसें चालत असे आणि जातांना काय घेऊन गेलें, हें आज सांगणें अवश्य आहे. कारण त्यावर खेळलेलीं मुलें आतां चाळिशीच्या आसपास आलीं आहेत, आणि त्यांच्या मुलांना तें यंत्र दाखविलें तर ओळखतां येत नाहीं.

दूरचित्रवाणी ही पाहण्याची वस्तु आहे. ती खेळण्याची वस्तु होऊं शकेल, ही कल्पना प्रथम राल्फ बेअर या यंत्रज्ञाला १९६६ सालीं अमेरिकेंत सुचली. तो मूळचा जर्मनींतील ज्यू. नाझी राजवटींत लहानपणींच देश सोडून गेलेला. त्याच्या कल्पनेवरून मॅग्नाव्हॉक्स कंपनीनें १९७२ सालीं ‘ओडिसी’ नांवाचें पहिलें घरगुती खेळयंत्र विकावयास काढलें. तें इतकें प्राथमिक होतें, कीं पडद्यावर दोनतीन पांढरे चौकोन आणि एक रेघ यांपलीकडे त्याला कांहीं दाखवितां येत नसे. मैदान, रस्ता, जाळें हीं सर्व प्लॅस्टिकच्या पारदर्शक रंगीत पानावर छापून तें पान पडद्याच्या कांचेवर चिकटवावें लागे. पुढें १९७६ सालीं फेअरचाइल्ड कंपनीच्या यंत्रानें खेळ बदलतां येणारें काडतूस आणलें, आणि १९७७ सालीं अटारी कंपनीच्या यंत्रानें तें सर्वत्र लोकप्रिय केलें. एक यंत्र आणि अनेक खेळ ही व्यवस्था तेव्हांपासूनची. ग्रामोफोनला जशा तबकड्या, तशीं या यंत्राला काडतुसें.

१९८३ सालीं अमेरिकेंत हा धंदा अतिरेकानें कोसळला. सुमार खेळांचा इतका पूर आला, कीं अटारी कंपनीला न खपलेलीं काडतुसें न्यू मेक्सिको प्रांतांतील अलामोगोर्डो येथें खड्ड्यांत पुरावीं लागलीं. त्याच वर्षीं जपानांत मात्र नवा आरंभ होत होता. क्योटो येथील निंटेंडो कंपनीनें १५ जुलै १९८३ रोजीं ‘फॅमिली कम्प्युटर’ किंवा संक्षेपानें ‘फॅमिकॉम’ नांवाचें खेळयंत्र बाजारांत आणलें. मासायुकी उएमुरा हा त्याचा शिल्पकार. महाराष्ट्रांतील मुलांच्या हातीं जें पडलें, तें या फॅमिकॉमचेंच दूरचें आणि बेवारशी अपत्य होय.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. ही निंटेंडो कंपनी १८८९ सालीं स्थापन झाली ती पत्ते करण्यासाठीं. फुलांचीं चित्रें असलेले ‘हानाफुदा’ नांवाचे जपानी पत्ते ती करीत असे. आपल्याकडे सावंतवाडीस गंजिफा होत्या. लाखेच्या लुकणानें चकाकणारे, हातानें रंगविलेले वाटोळे पत्ते. दशावतारी गंजिफांत दहा रंग आणि प्रत्येकी बारा, मिळून १२० पानें. क्योटोचा पत्तेवाला यंत्रांपर्यंत जाऊन पोहोंचला. सावंतवाडीची कला उलट मरणपंथाला लागली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनीं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत राजवाड्यांत चित्रकार बसवून ती वांचविली. खेळ आपोआप टिकत नाहीं. कोणी तरी तो टिकवावा लागतो, हाच याचा अर्थ.

आतां तें यंत्र चालत कसें असे, तें पाहूं. पेटीच्या आंत एक प्रोसेसर म्हणजे हिशेब करणारी चिप, आणि दुसरी पडद्यावर चित्र काढणारी चिप, असे दोन मुख्य भाग असत. हिशेबाची चिप सेकंदाला सुमारें १८ लक्ष ठोक्यांच्या गतीनें चाले. ऐकावयास ही गति मोठी वाटते. परंतु तिच्या हाताशीं स्मरणशक्ति होती ती अवघी २,०४८ अक्षरांची, म्हणजे छापील पुस्तकाच्या जेमतेम एका पानाची. गडी कोठें उभा आहे, त्याचे प्राण किती उरले, शत्रु कोणत्या दिशेनें येत आहेत, गुण किती झाले, हें सारें त्या एका पानांत मावावें लागे.

चित्र काढण्याची रीत याहूनहि काटकसरीची होती. पडदा आडवा २५६ आणि उभा २४० ठिपक्यांचा. एवढ्या ठिपक्यांचा रंग एकेक करून लक्षांत ठेवण्याइतकी स्मृति यंत्राजवळ नव्हती. म्हणून पडद्याचे आठ ठिपके रुंद व आठ ठिपके उंच असे चौकोन पाडले जात. एका वेळीं असे ९६० चौकोन पडद्यावर असत. परंतु त्यांत बसवावयाचे निरनिराळे नमुने २५६ हून अधिक वापरतां येत नसत. फरशीवर ठराविक लाद्या फिरवून फिरवून नक्षी काढावी, तसा हा प्रकार. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ सालचा प्रसिद्ध खेळ. त्यांतील आकाशांतले ढग आणि जमिनीवरचीं झुडपें नीट न्याहाळलीं, तर दोहोंचा आकार एकच असल्याचें आढळतें. पांढऱ्या रंगानें काढला कीं ढग, हिरव्यानें काढला कीं झुडूप. अशा युक्त्यांनीं तो संपूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसविला होता. आज भ्रमणध्वनीवर काढलेलें एखादें साधें छायाचित्र याच्या किती तरी पट जागा अडवितें.

हलणारीं चित्रें पार्श्वभूमीहून वेगळीं असत. एका वेळीं पडद्यावर ६४ आणि एका आडव्या रेघेंत फक्त आठ. नववें आलें, कीं एकाला गाळावें लागे. म्हणून खेळ रंगांत आला, शत्रूंची गर्दी झाली, कीं चित्रें लुकलुकूं लागत. मुलांना वाटे, वायर सैल झाली. वास्तविक तें यंत्राच्या गरिबीचें लक्षण होतें.

हें यंत्र भारतांत आलें तें सरळ वाटेनें नव्हे. दूरदर्शनचें रंगीत प्रक्षेपण १९८२ सालीं सुरू झालें आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत शहरांतील मध्यम स्थितींतल्या घरांत संच आला. खेळयंत्राला लागणारा पडदा असा घरांत सिद्ध झाला. परंतु अस्सल परदेशी यंत्रें जकातीमुळें सामान्य माणसाच्या आटोक्यांत नव्हतीं. सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीचें ‘मेगा ड्राइव्ह’ १९९५ सालीं शॉ वॉलेस कंपनीनें येथें आणलें, तेव्हां आयातीवरील जकात ८० टक्के होती आणि यंत्राची किंमत १८,००० रुपये. त्या काळीं मध्यमवर्गीय घरांत एवढ्या रकमेचें खेळणें घेण्याचा विचार देखील कोणी केला नसता.

ही पोकळी नकलांनीं भरून काढली. फॅमिकॉमच्या दोन्ही चिपांचें काम तैवानांतील कारखानदारांनीं प्रथम हुबेहूब नकललें आणि मग तें सगळें एकाच चिपेंत बसविलें. जुनी पेटी उघडून पाहिली, तर पुष्कळदां आंत डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा तेवढा दिसतो. सारें यंत्र त्या गोळ्याखालीं असतें. बाकीची पेटी बहुतेक रिकामीच. अशीं यंत्रें स्वस्तांत हजारोंनीं करतां येत, आणि तीं जगभर नाना नांवांनीं पसरलीं. रशियांत १९९२ सालीं तें ‘डेंडी’ झालें, पोलंडांत ‘पेगासस’, चीनमध्यें ‘श्याओबावांग’. भारतांत ‘सामुराई’, ‘मीडिया’, ‘विझ किड’, ‘लिटल मास्टर’ अशीं नांवें चाललीं. यांतलें शेवटचें नांव कानावर पडतांच मराठी घरांत सुनील गावस्करांची आठवण होई, ती निराळीच. कांहीं यंत्रांना कळफलक जोडून त्यांना ‘शैक्षणिक संगणक’ म्हणत. अभ्यासाचें नांव निघालें, कीं वडिलांचा हात खिशाकडे वळतो, हें दुकानदार ओळखून होते.

ज्यांना तेंहि परवडत नसे, त्यांच्यासाठीं पार्लरें निघालीं. गल्लींतल्या एखाद्या दुकानाच्या मागच्या खोलींत तीनचार संच मांडलेले, दाराला पडदा, आणि तासाचा किंवा अर्ध्या तासाचा ठरलेला दर. उन्हाळ्याच्या सुट्टींत यंत्र दिवसाच्या भाड्यानेंहि मिळे. चारपांच मुलें वर्गणी काढून तें आणीत आणि रात्र पडेपर्यंत पाळीपाळीनें खेळत. एका पेटीला हातपट्ट्या दोनच. म्हणून दोघे खेळत आणि बाकीचे पाहत, सल्ला देत, भांडत आणि आपली पाळी मोजीत. आजचा भ्रमणध्वनीवरचा खेळ एकट्यानें खेळावयाचा आहे, किंवा कोठें तरी दूर असलेल्या अनोळखी माणसाशीं. तो पडदा एकाचाच असतो. त्या काळचा पडदा आळीचा होता. या खेळांची खरी मौज पडद्यावर नव्हे, सतरंजीवर होती, असें म्हटल्यास चूक होणार नाहीं.

या सतरंजीवर एक मौखिक विद्याहि वाढली. यंत्राबरोबर माहितीचें पुस्तक क्वचितच मिळे, मिळालें तरी परक्या भाषेंत. म्हणून कोणत्या नळींत शिरल्यास गुप्त वाट सांपडते, कोणत्या विटेंत नाणीं आहेत, हें एका मुलानें दुसऱ्याला सांगावें आणि त्यानें मामाच्या गांवीं न्यावें, असा क्रम होता. ‘कॉन्ट्रा’ या खेळांत आरंभींच वर, वर, खालीं, खालीं, डावें, उजवें, डावें, उजवें आणि मग ‘बी’ व ‘ए’ या कळा क्रमानें दाबल्या, तर खेळाडूला तीस प्राण मिळतात. हा मंत्र जपानच्या कोनामी कंपनींतील काझुहिसा हाशिमोतो यानें १९८६ सालीं ‘ग्रेडियस’ या दुसऱ्या एका खेळासाठीं योजिला होता. तो खेळ त्याला स्वतःलाच तपासतांना फार कठीण जाई. म्हणून त्यानें ही चोरवाट ठेविली. ती जगभर मुखोद्गत झाली, आणि महाराष्ट्रांतील मुलांनींहि परवचा म्हणावा तशी ती घोकली. ती कोणाची, हें मात्र त्यांना कोणीं सांगितलें नाहीं.

येथें या यंत्रांची काळी बाजू सांगणें प्राप्त आहे. यंत्र नकली होतें तसें काडतूसहि नकली होतें. त्यावर ‘९९९९९ खेळ एकांत’ असें छापलेलें असे. आंत पाहावें तों खेळ दहावीसच, आणि तेच पुन्हां पुन्हां निराळ्या क्रमांकानें, निराळ्या पायरीवरून सुरू होणारे. मुलांना यांतली लबाडी लवकरच कळे आणि तीं हसून सोडून देत. परंतु दुसरी लबाडी त्यांना कळली नाहीं. खेळ कोणीं केला तें दाखविणारीं अक्षरें पुष्कळ नकली काडतुसांतून पुसून टाकलेलीं असत. मारिओ हा शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या कल्पनेंतून उतरला, त्याची चाल कोजी कोंडो यानें बांधली, हें न जाणतांच एका पिढीनें ती चाल गुणगुणली. त्याच चालीची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें २०२३ सालीं जपून ठेवण्यायोग्य ध्वनिमुद्रणांच्या यादींत केली. खेळाच्या संगीताला हा मान प्रथमच मिळाला. कर्त्यांना त्यांचा मोबदला मिळाला नाहीं, हें वाईट. त्यांचें नांवहि मिटलें, हें त्याहून वाईट. स्वस्त वस्तूचें मोल कोणी तरी दुसऱ्यानें दिलेलें असतें, हा धडा त्या पेटींत होता. तो वाचून दाखविणारा कोणी नव्हता.

मुलांना पडद्यावर आणखी एक गोष्ट कधीं दिसली नाहीं; ती म्हणजे आपली लिपि. याला उपेक्षेइतकेंच यंत्राच्या रचनेचेंहि कारण होतें. आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच अशा चौकोनांत रोमन अक्षर सहज बसतें. नागरी अक्षराला माथ्यावर शिरोरेखा हवी, तिच्यावर वेलांटी आणि मात्रा, खालीं उकार. शिवाय जोडाक्षरांचा परिवार वेगळाच. आठ ठिपक्यांच्या उंचींत हा संसार मावत नाहीं. दोन चौकोन एकावर एक रचावे, तर २५६ नमुन्यांचा सांठा अक्षरांतच संपावयाचा. युक्तीनें यांतूनहि वाट निघाली असती. जपानी लोकांनीं आपल्या कठीण चित्राक्षरांना बाजूस ठेवून सोपी ‘काना’ अक्षरें पडद्यावर आणलीं. परंतु तें यंत्र त्यांचें होतें. दुसऱ्यानें केलेल्या यंत्राची नक्कल विकत घेणाराला लिपीचा हट्ट धरतां येत नाहीं. परिणामीं ‘स्टार्ट’, ‘सिलेक्ट’ आणि ‘गेम ओव्हर’ हे इंग्रजी शब्द पुष्कळ मराठी मुलांनीं शाळेच्या आधीं या पडद्यावर वाचले.

यंत्र माळ्यावर गेलें तरी पुन्हां काढून लावतां येईल, अशी अनेकांची समजूत असते. ती पूर्णपणें खरी नाहीं. आणि याचें उत्तम उदाहरण म्हणजे त्याबरोबर मिळणारी बंदूक. पडद्यावर बदकें उडत आणि मुलें पलंगाच्या कडेवरून नेम धरीत. बंदुकींतून पडद्याकडे कांहींच जात नसे. उलट पडद्याकडून बंदुकींत प्रकाश येई. चाप ओढतांच सारा पडदा एका निमिषापुरता काळा होई, आणि पुढच्या निमिषाला बदकाच्या जागीं पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या नळींत प्रकाश ओळखणारा एक घटक असे. आधीं काळोख आणि लगेच उजेड दिसला, तर नेम लागला. बदकें दोन असलीं, तर चौकोन एकामागून एक उमटत, आणि उजेड कोणत्या खेपेस दिसला त्यावरून कोणतें बदक पडलें हें ठरे. आधींचा काळोख आवश्यक असल्यामुळें विजेच्या दिव्यावर नेम धरून फसविण्याचा मुलांचा डाव साधत नसे.

ही सारी करामत जुन्या, फुगीर कांचेच्या चित्रनलिकेवर अवलंबून होती. त्या नलिकेंत इलेक्ट्रॉनांचा झोत ठराविक गतीनें एकेक रेघ ओढीत जाई आणि चित्र विनाविलंब उमटे. आजचे सपाट पडदे आलेलें चित्र आधीं आपल्यांत घेतात, त्यावर संस्कार करतात आणि मग दाखवितात; शिवाय त्यांच्या उजेडांत ती रेघांची स्पंदनें नसतात. म्हणून जुनी बंदूक आज धडधाकट असली तरी नव्या पडद्यापुढें ती आंधळी आहे. चित्रनलिकेचे संच भंगारांत गेले आणि त्यांच्याबरोबर हा खेळ, एकहि भाग न मोडतां, मेला. वस्तु टिकली तरी तिचा शेजार नष्ट झाला, कीं ती मुकी होते.

यंत्राची स्मृतिहि अशीच क्षणभंगुर होती. वीज गेली, कीं त्या २,०४८ अक्षरांचें पान कोरें होई. जपानी व अमेरिकी काडतुसांपैकीं कांहींत गोल घडीचा सेल बसवून खेळाची स्थिति राखण्याची सोय केलेली असे; स्वस्त नकलांत ती बहुधा नसे. महाराष्ट्रांत विजेचा लपंडाव नवा नाहीं. शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोहोंचलेला मुलगा वीज जातांच आरंभीं येऊन पडे. हातपट्टी खालीं ठेवून पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करणें, ही एक शिकवणच त्यांना मिळाली म्हणावयाची. काडतूस चालेना, कीं तें काढून त्याच्या तोंडाशीं फुंकर मारावयाची, हाहि घरोघरचा विधि होता. वास्तविक फुंकरीनें गुण येत नसे. काडतूस काढून पुन्हां बसविल्यानें धातूचे दांत खांचेला नीट भिडत, म्हणून तें चाले. फुंकरींतल्या ओलाव्यानें मात्र ते दांत हळूहळू गंजत. ज्या उपायानें यंत्र चाललें असें वाटे, तोच त्याचें आयुष्य कमी करीत होता.

पुढचा इतिहास वेगानें घडला. घरांत संगणक आला, मागाहून भ्रमणध्वनि आला, आणि पार्लरांच्या जागीं दुसरीं दुकानें आलीं. मुंबईंत १९९९ सालीं विशाल गोंडल यांनीं ‘इंडियागेम्स’ ही संस्था काढली आणि खेळ विकत घेणाऱ्या या देशांत खेळ करणारेहि निपजूं लागले. सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन २’ या यंत्रासाठीं मुंबईच्या ट्राइन गेम्सनें ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ हा गल्लींतल्या क्रिकेटचा खेळ २०१० सालीं केला. परंतु तोंवर त्या यंत्राचें वय झालें होतें, आणि २०१३ सालीं त्याचें उत्पादनच थांबलें. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनें ‘राजी’ हा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध केला. त्याच निंटेंडो कंपनीच्या नव्या यंत्रावर तो सर्वांआधीं निघाला. ज्या कंपनीच्या नकलेवर महाराष्ट्र खेळावयास शिकला, तिच्या अस्सल यंत्रावर पुण्यांत घडलेला खेळ जगानें खेळावा, हें वर्तुळ पुरें होण्यास तीस वर्षें लागलीं.

परंतु पुरें झालेलें वर्तुळ लिहून ठेवलें नाहीं, तर तें कोणाला दिसणार? इतर देशांनीं हें काम मनावर घेतलें आहे. बर्लिन येथें संगणकी खेळांचें संग्रहालय १९९७ सालींच उघडलें. अमेरिकेंत रॉचेस्टर येथील खेळांच्या संग्रहालयांत या यंत्रांच्या इतिहासाचें स्वतंत्र केंद्र आहे. अलामोगोर्डोच्या खड्ड्यांतलीं काडतुसें २०१४ सालीं उकरून काढण्यांत आलीं आणि त्यांतलें एक स्मिथसोनियन संस्थेनें आपल्या संग्रहांत घेतलें; एकतीस वर्षांत कचऱ्याचा पुराणवस्तुसंग्रह झाला. अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ सालच्या पाहणींत असें आढळलें, कीं तेथें निघालेल्या जुन्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ आज बाजारांत रीतसर मिळतच नाहींत. जेथें हे खेळ जन्मले आणि जेथें त्यांचे कागदपत्र आहेत, तेथली ही स्थिति. मग जेथें यंत्र निनांवी, काडतूस निनांवी आणि पार्लरची पाटी देखील कधींच उतरलेली, तेथें काय उरेल?

महाराष्ट्राला या कामाचा आदर्श परदेशांतून आणावयास नको. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांनीं आपल्या दिवंगत पुत्राच्या नांवानें जें संग्रहालय उभें केलें, त्यांत राजांचे मुकुट थोडे आणि अडकित्ते, दिवे, दौती, फण्या यांच्यासारख्या घरगुती वस्तु पुष्कळ. लोक ज्या वस्तु मोडींत काढीत होते, त्या त्यांनीं गांवोगांव हिंडून मिळविल्या. आज त्या अडकित्त्यांकडे पाहून पूर्वीचा दिवाणखाना डोळ्यांपुढें उभा राहतो. प्लॅस्टिकच्या पेटीला अडकित्त्याचा डौल नाहीं, हें खरें. परंतु अडकित्ता जेव्हां रोज वापरांत होता, तेव्हां त्यालाहि तो डौल कोणी दिला नव्हता. सध्यां देशाचे ई-कचऱ्याविषयींचे जे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यांच्या यादींत व्हिडिओ गेमचें नांव आहे. मोडक्या यंत्रांची विल्हेवाट नीट लागावी, हें योग्यच. पण सगळींच तेथें जाण्यापूर्वीं थोडीं बाजूस काढलीं पाहिजेत.

हें काम कोणत्याहि घरीं होण्यासारखें आहे. माळ्यावर पेटी सांपडली, तर ती घाईनें विजेला जोडूं नये; जुना ॲडॅप्टर बिघडलेला असल्यास त्याच धक्क्यानें चिप जळते. काडतुसाचे दांत फुंकरीनें नव्हे, तर कापसाच्या बोळ्याला औषधांच्या दुकानांत मिळणारें आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावे. हातबंदुकीच्या किंवा इतर खेळण्यांत सेल राहिले असतील, तर काढून टाकावे. ते झिरपले कीं आंतली तार खातात. आणि याहून महत्त्वाचें म्हणजे एक चिठ्ठी लिहून पेटींत ठेवावी: यंत्र कोठून, कोणत्या सालीं, केवढ्याला घेतलें, कोणकोणते खेळ होते आणि मुलें त्यांना कोणत्या नांवानें हांक मारीत, कोण कोण खेळावयास येत असे. पार्लर चालविलेल्या माणसाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवणें तर आज सर्वांत निकडीचें आहे. यंत्राचा दुसरा नमुना रशियांत किंवा पोलंडांतहि मिळेल. परंतु कोपरगांवच्या, संगमनेरच्या किंवा दादरच्या मुलांनीं त्याच्यापुढें बसून काय भाषा बोलली, ही माहिती जगांत दुसरीकडे कोठेंहि मिळावयाची नाहीं.

शिर्डीच्या बाजारांत आजहि मुलें खेळण्यापुढें थबकतात आणि आईबाप किंमत विचारतात. त्यांपैकीं कित्येक बाप स्वतः कधीं काळीं आपल्या वडिलांचा हात ओढून, अशाच एखाद्या दुकानापुढें, त्या करड्या पेटीसाठीं अडून बसले होते. मुलाला नवें खेळणें घेऊन देतांना जुन्याची गोष्ट सांगावयास त्यांना वाटेंत वेळ मिळेल. यात्रेचा रस्ता त्याला पुरेसा लांब आहे.